भातातला प्रमोटर

ओवे गावच्या काळूरामचा आवाज मोठा आणि कान त्याहून तिखट. खारघरच्या इमारती गावाच्या अंगावर आल्या, भावकीने जमिनी देऊन टाकल्या, याने मात्र एक खाचर राखलं. "माजा भात मीच पिकवनार," असं तो ओट्यावर बसून दरवर्षी ऐकवी आणि विकणाऱ्यांची यथेच्छ टिंगल करी. त्याची मुलगी शशिकला पनवेलला भाताच्या बियाण्यांवर काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेत नोकरीला होती. तिथे ती नेमकं काय करते, हे विचारण्याची तसदी त्याने कधी घेतली नव्हती.

एका सकाळी ती फोनवर कुणाला तरी सांगत होती, "प्रमोटर मिळाला. आजच भातात टाकू."

पनवेलात प्रमोटर म्हणजे बिल्डर. नव्या इमारतीच्या पाटीवर सगळ्यात मोठं नाव त्याचंच असतं. काळूरामचं डोकं फिरलं. दुपारी तो प्रयोगशाळेत जाऊन थडकला आणि चार माणसांसमोर ओरडला, "बाप जिता असताना शेत बिल्डरला देतेस? लाज नाय वाटत?"

शशिकलाचा चेहरा पडला. तरी तिने त्याचा हात धरून त्याला काचेपाशी नेलं. पलीकडे एका बशीत करडी बुरशी वाढत होती.

"हा करपा, बाबा. आपल्या भाताची पाना जाळतो ना, तो. परतेक जनुकाच्या पुढं एक खटका असतो. जनुकानं कदी आनि किती काम करायचा, ते तो ठरवतो. त्याला प्रमोटर म्हनतात. करप्याचा खटका भातात चालला, तर तो भाताच्याच ताकदीच्या जनुकाला जोडायचा."

"मंग ह्या खटक्यानं भाताला रोग नाय लागनार?"

"रोग करनारा भाग आमी घेतच नाय. निस्ता खटका."

काळूराम खजील झाला. बघणाऱ्यांनी हसू दाबलं. एवढ्यावर निभावलं असतं. पण बाप पहिल्यांदाच आपलं काम बघतोय म्हणून शशिकला खुशीत आली.

"परवानग्यांना लय वर्षा लागतील," ती म्हणाली. "पन मिलाल्या, की हा भात पयला आपल्या खाचरात लावायचा. मी सरांना सांगून ठेवलाय."

काळूरामला तिच्याकडे बघवेना. गुडघे थकले होते, लावणीला माणसं मिळत नव्हती. गेल्याच आठवड्यात तो एका बिल्डरला खाचर देतो म्हणून शब्द देऊन आला होता, आणि घरी अवाक्षर बोलला नव्हता. तेव्हापासून मनात बिल्डरच बसलेला, म्हणून तर कानांनी तोच ऐकला. आपणच लेकीला विचारलेला प्रश्न आठवून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाबा, काय झाला? मी रागावली नाय."

"रागाव," तो म्हणाला. त्याचा तो मोठा आवाज पार बसला होता. "खाचरात प्रमोटर मीच टाकलाय."