मामांनी पारखलेले प्लेसमेंटवाले

आमच्या मामेसासऱ्यांइतकं अवघड गिऱ्हाईक नगरमधल्या प्लेसमेंटवाल्यांनी दुसरं पाहिलं नसेल, आणि गंमत म्हणजे त्यांना स्वतःला नोकरी नकोच होती. नोकरी मला हवी होती. एमआयडीसीतली आमची कंपनी बंद पडली तेव्हा मी बेचाळीस वर्षांचा होतो आणि इतकी वर्षं तिच्या एकाच स्टोअरमध्ये, म्हणजे मालाच्या कोठारात, काढली होती की बायोडाटा कसा लिहितात हेही विसरलो होतो. बायकोनं पारनेरला फोन केला आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं मामा हजर. भाचीसाठी मला त्यांनीच शोधून काढलं होतं. तेव्हा आता मला नोकरी लावून देणारा माणूसही आपणच शोधायचा, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं.

मामांना सोयरीक जुळवायची पद्धत ठाऊक होती, तीच त्यांनी इथं लावली. ऑफिसची पायरी चढण्याआधी खालच्या चहावाल्याकडे चौकशी, मग शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे. आत गेल्यावर ते आधी पाणी मागत आणि आणून देणाऱ्याच्या कपाळावर आठ्या आहेत का ते बघून घेत. मग खुर्चीतच मांडी ठोकून विचारत, "तुमी लावून दिलेली किती मान्सं वर्षभर टिकली? त्यातल्या दोगांशी बोलायचं हाय." मी तेवढा वेळ छताचा पंखा बघत असे. एका टायवाल्यानं बायोडाटा न उघडताच "काम झालं समजा" म्हटलं, तशी मामा उठलेच. जिन्यात मला म्हणाले, "पाव्हणं, तुमाला काय काम येतं हेबी त्यानं इचारलं न्हाई. मुलगी न बघताच व्हय म्हननाऱ्या घरात आमी कवा पोरगी दिली न्हाई." अशी सहा-सात ऑफिसं त्यांनी नापास केली.

शेवटी सावेडीत एका बाईंचं लहानसं ऑफिस सापडलं. बाईंनी माझा बायोडाटा शेवटपर्यंत वाचला, स्टोअरमधल्या कामाबद्दल नीट विचारलं आणि सांगितलं, "आत्ता तुमच्याजोगी जागा माझ्याकडे नाही. खोटं कशाला सांगू? दोनेक महिने लागतील." मी खट्टू झालो. मामांचा चेहरा मात्र लग्न ठरल्यासारखा खुलला. "ही बाई खरी हाय," ते बाईंसमोरच म्हणाले, "आता पाव्हणं दुसरीकडं जायाचे न्हाईत. माझा सबुद." त्यानंतर ते दर सोमवारी पारनेरहून येऊन बाईंना आठवण करून देत.

मला मात्र दम निघाला नाही. भरदुपारी घरात बसलेला नवरा शेजाऱ्यांना दिसतो, याची मला फार लाज वाटायची. पाचव्या आठवड्यात मी गुपचूप त्या टायवाल्याकडे गेलो आणि सुप्याच्या एका गोदामात रुजू झालो. सांगताना सुपरवायझर म्हटलं होतं, हातात पडलं सहा महिन्यांचं कंत्राट, तेही मधेच सोडणार नाही अशी सही घेऊन. "मामांना सवडीनं सांगू," असं बायकोला बजावलं. ती सवड मी काढली नाही, आणि मामांच्या सोमवारच्या खेपा चालूच राहिल्या.

एका सुट्टीच्या दुपारी ते घाम पुसत घरी आले. बाईंनी जागा काढली होती, थेट कंपनीतली, कायमची, स्टोअरचीच. मग मला सांगणं भागच पडलं. मामा चिडले नाहीत. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. एवढंच म्हणाले, "आदी सांगितलं असतं तर तिनं दुसऱ्या कुनाला तरी दिली असती. आठ दिवस धरून ठेवली तिनं, माझ्या सबदावर."

मी म्हटलं, मी बाईंना फोन करतो. त्यांनी पायात चपला सरकवल्या. "सोयरीक फोनवर मोडत न्हाईत, पाव्हणं," म्हणाले आणि एकटेच सावेडीला गेले.

माझं कंत्राट पुढं वाढलं नाही. आज मी दुसरीकडे आहे, बरं चाललं आहे. मामा अजून येतात, भाचीच्या हातचं पिठलं मागून खातात, माझ्याशीही गोड बोलतात. पण गावातलं कुणी नोकरीचं विचारायला आलं तर म्हणतात, "त्यातलं मला काय कळत न्हाई." हे खोटं आहे. नगरमध्ये त्यांच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. त्या दुपारी निदान त्यांच्याबरोबर जाऊन त्या बाईंसमोर मान खाली घालून उभं राहायला हवं होतं मी. मी दारातच उभा राहिलो.