लाल मखमलीचा डावा खांदा

लेकीने फोनवर एक चित्र पाठवलं आणि विचारलं, सेम असंच शिवशील का? चित्रात पाचशे वर्षांपूर्वीची कुणी जर्मन बाई होती. लाल मखमलीचा झगा, छातीवर सोनेरी पट्टे, चिरलेल्या बाह्यांतून डोकावणारं पांढरं कापड. ऑक्टोबरात इथे रेनेसाँ फेअर असते, जुन्या युरोपातले पोशाख घालून जायची जत्रा; तिथे तिला तो घालायचा होता. तिशीला आलेल्या या मुलीने कित्येक वर्षांत माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी लगेच हो म्हटलं आणि मग घाबरून चित्र निरखायला लागले.

चित्रातली बाई समोरून, तीही कमरेपर्यंतच. पाठ कशी, घेर किती, सगळा अंदाजपंचे कारभार. पण माझी खरी भीती वेगळी होती. असा झगा अंगाला घट्ट बसतो, आणि माझ्या मुलीचा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली आहे. तेराव्या वर्षी तिचा कणा वाकल्याचं कळलं. दोन वर्षं पाठ सरळ ठेवणारा ब्रेस घातला, तरी थोडा बाक राहिलाच. कॉलेज संपेपर्यंत ती ढगळ हूडीतच वावरली. आता फोटो निघणार, आमच्या श्रूजबरी गावातल्या सगळ्या मराठी काकू ते बघणार. मन चिंती ते वैरी न चिंती, तशातली मी.

मी ज्या बाईंकडे शिवण शिकले, त्या अशा वेळी खांद्यात गुपचूप कापूस भरायच्या. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं वर म्हणायच्या. मीही डाव्या खांद्याच्या अस्तरात कापसाची पातळ गादी घातली आणि तिला काही सांगितलं नाही.

ट्रायलला ती आली. आरशात दोन्ही खांदे एका रेषेत दिसत होते. तिने पुढचे बंद बांधले, मग डाव्या खांद्यावर बोटं दाबून पाहिली.

"आई, आत काय आहे?"

झगा नीट बसावा म्हणून थोडा कापूस घातलाय, असं मी पुटपुटले. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने शांतपणे फोन काढला आणि चित्र मोठं करून माझ्यासमोर धरलं. त्या बाईचा डावा खांदा चांगलाच खाली होता. मला ते पहिल्याच दिवशी दिसलं होतं. चित्रकाराचा हात चुकला असेल असं समजून मी माझ्या बेतायच्या कागदावर तो सरळ करून घेतला होता.

"म्हणून तर हे पेंटिंग सिलेक्ट केलं मी," ती म्हणाली. "कॅन यू टेक इट आउट, प्लीज?"

झगा काढून दे म्हटलं, तर नको म्हणाली. बंद सैल करून तिने तो खांद्यावरून खाली ओढला आणि माझ्याकडे पाठ करून बसली. कात्रीचं टोक लागेल या धास्तीने मी एकेक टाका उसवत होते. तिचा तो खांदा इतक्या जवळून मी आजवर पाहिलाच नव्हता. कपडे घेताना, फोटो काढताना मी त्याच्यावरून नजर काढून घ्यायचे. तिला ते कायम माहीत होतं.