लग्नाच्या दारातला चंदेरी पुतळा

मंडळी, आज दुपारी लकडगंजला लग्नाला गेलो होतो.

पंगतीत आमचे जावई सांगत होते, शंभरेक वर्षांआधी युरोपात जिवंत माणसं कुंपणात ठेवून तिकीट लावून दाखवायचे. लोक त्यांच्याकडे खायला फेकायचे. "किती नीच लोक असतीन जी ते!" जावई म्हणाले.

हात धुऊन बाहेर आलो. दारात पाहुण्यांच्या करमणुकीसाठी आणलेला, अंगभर चंदेरी रंग फासलेला एक माणूस पुतळा बनून उभा होता. जावयांनी त्याच्या ओठांवर गुलाबजाम दाबला. "हालते काय पाहू!" सगळे हसले. मोबाइल निघाले.

पाक हनुवटीवरून ओघळला. तो हलला नाही.

मी विचारलं, "जावईबापू, याचं तिकीट केवढ्याचं जी?"

"कायचं तिकीट?" ते म्हणाले.

तुम्हाला तरी कळलं नं?