सोपानभाऊंनी दुरुस्त केलेला ‘डॅश’

मी दुकानाचं शटर वर करत होते, तेवढ्यात सोपानभाऊंच्या सुनेचा, मनीषाचा फोन आला. “ताई, आण्णा गेले...” सासऱ्यांना ती आण्णा म्हणायची. घोडेगावात कचेरीबाहेर भाऊ अर्ज टाइप करून द्यायचे आणि शेजारीच माझं झेरॉक्सचं दुकान. अठरा वर्षांची सोबत. आता महिना होऊन गेला. लोक भाऊंच्या बिनचूक कामाची आठवण काढतात. मला मात्र त्यांची एक चूक सांगायची आहे.

शिनोलीच्या हौसाबाईंचा नवरा जीपच्या धडकेत गेला. विम्याचा अर्ज करायला त्या आल्या, माझ्याच बाकावर टेकल्या. “जीपची डॅश बसली वो त्यान्ला. कडंकडंनंच चाललं व्हतं.” पुण्याच्या कंपनीला अर्ज इंग्रजीतून जायचा होता. भाऊंनी तो लिहिला आणि ‘डॅश’ तसाच ठेवला : ‘हजबंड डॅश्ड टू जीप.’ आपल्याकडे डॅश म्हणजे धडक. इंग्रजीतही तेच असणार, असं त्यांना वाटलं. मलाही. त्याच्या प्रती मीच काढल्या.

दोनेक महिन्यांनी उत्तर आलं. अर्ज नामंजूर... कारण मयत इसम जीपसमोर अचानक धावत गेला, असं अर्जातच लिहिलंय. भाऊंनी वाचून दाखवलं, तशा हौसाबाई बाकावरून उठल्याच.

“धावलं? अवो, त्यांचा डावा पाय लहानपणापास्नं अधू. काठीबिगर उठता येत नव्हतं. ते कवा धावलं?”

भाऊंनी शब्दकोश काढला. ‘डॅश’चा पहिलाच अर्थ : एकदम वेगानं धावत सुटणं. कुणी बस पकडायला असा सुटतो, कुणी घरातून. आपटणं, आदळणं हाही अर्थ खाली होता; पण भाऊंच्या वाक्यात कर्ता नवरा होता, जीप नुसती शेवटाला. त्यांनी चष्मा काढून ठेवला. मी हळूच म्हटलं, “भाऊ, अंगठा बाईंचा आहे. तुमचं नाव कागदावर कुठंच नाही.” हे बोलल्याची मला आजही लाज वाटते.

“म्हणूनच जायला पाहिजे ना, ताई,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं ते हौसाबाईंना घेऊन पुण्याला गेले. तिथं साहेबानं प्रतिज्ञापत्र मागितलं. भाऊंनी ते मराठीत, स्वतःच्या हातानं लिहिलं : बाईंनी सांगितलं ते बरोबर होतं, या इंग्रजी क्रियापदाचा नेमका अर्थ मला माहीत नव्हता. इंग्रजी अर्जांवरच ज्याचं पोट, त्यानं हे सहीनिशी लिहून द्यायचं... कचेरीत गोष्ट पसरलीच. “भाऊ, अर्ज लिहा, पण आमाला पळवू नका राव!” लोक हसायचे, भाऊही हसायचे. पण बरेच दिवस इंग्रजी काम पलीकडच्या टेबलावर जात राहिलं.

पुण्याला चार खेपा झाल्या आणि अर्ज मंजूर झाला. हौसाबाई घरचे तांदूळ घेऊन आल्या. भाऊ घेईनात. “घ्या वो,” त्या म्हणाल्या. “लोकं म्हनत व्हती, ह्योच आडवा गेला आसंल. आता कोनी म्हनत नाय.” भाऊंनी पिशवी घेतली, आणि बराच वेळ ती मांडीवरच धरून बसले.

तेव्हापासून अंगठा घेण्याआधी प्रत्येक अर्ज ते ओळीओळीनं मराठीत सांगायचे. रांग वाढायची, लोक कुरकुरायचे, ते ऐकायचे नाहीत. आता त्या टेबलावर मनीषा बसते. परवा डोंगराकडच्या एक आजी घाईघाईनं शाईच्या पॅडवर अंगठा टेकवत होत्या. मनीषानं त्यांचा हात धरला. “थांबा आजी, काय लिहिलंय ते आधी ऐका.”

आजींना ऐकू कमी येत होतं. मी झेरॉक्सचं मशीन बंद केलं.