वाढत्या अंगाचा शिरीष

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी पंपमामा पाण्याने भरलेला पत्र्याचा टब पोटाशी धरून फूटपाथवरून चाललेले असतात. रस्त्यावरचे दिवे अजून विझलेले नसतात, पण त्यांची गरज संपलेली असते. टबातलं पाणी कालचं. दिवसभर त्यात सायकलींच्या ट्यूब बुडतात, बुडबुडे कुठून सुटतात ते पाहिलं जातं. रात्रभरात धूळ तळाशी बसते आणि वरचं निवळ पाणी मामा एका झाडाच्या आळ्यात ओततात. एका सकाळी एकच झाड. दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारचं. चालताना टबात आकाश, तारा आणि फांद्या उलट्या होऊन हेलकावे खातात. मामा त्यांच्यावरून नजर काढत नाहीत. "पाणी सांडू नये म्हणून बघतो," असं ते सांगतात.

पंपमामा हे त्यांचं खरं नाव नाही, पण खरं नाव आता घरच्यांनाही आठवावं लागतं. जिन्याखाली त्यांचं पंक्चरचं दुकान आहे: एक ठोकळा, दोन पाने, कानस, सोल्युशनची डबी, खिळ्याला टांगलेल्या जुन्या ट्यूब. दुकानाच्या बरोबर वर एक खोली. खोलीच्या खिडकीशी शिवणाचं मशीन आणि मशीनवर मामी. "पंक्चर काढून फक्त पंक्चर काढणाऱ्याचं पोट भरतं. घर वर चालतं," असं मामा वर बोट दाखवून सांगतात.

रस्ता रुंद झाला तेव्हा जुनी झाडं गेली. नव्या फूटपाथवर दिव्यांच्या खांबांसाठी चौकोनी खड्डे सोडले होते. मग कोणीतरी नकाशा बदलला आणि खांब पलीकडच्या बाजूला उभे राहिले. इकडे नऊ खड्डे तसेच राहिले आणि त्यांत कागद, साली, फुटलेल्या बाटल्या साठू लागल्या. सावली नसल्यामुळे मामांचं सोल्युशन ठिगळ लावण्याआधीच वाळून जायचं. एका उन्हाळ्यात त्यांनी पहिला खड्डा साफ केला आणि त्यात शिरिषाचं रोप लावलं. शिरीष का, तर तो लवकर वाढतो, हे त्यांचं उत्तर. संध्याकाळी तो पानं मिटून घेतो, हे ते नंतर, थोडं लाजत, सांगतात.

शेजारच्या औषधवाल्या ताईंनी हरकत घेतली होती.

"मामा, उद्या माझी पाटी झाकली जाईल हो."

"पाटी झाकली जाईल, पण लोक सावलीला थांबतील. आणि उभ्या माणसाचं डोकं कधी ना कधी दुखतंच."

ताई हसल्या आणि पुढच्या खड्ड्यातल्या बाटल्या त्यांनीच उचलल्या. आता बसचा थांबा एका जागी आहे आणि रांग दुसऱ्या. रांग सावलीबरोबर सरकते; सकाळी ती ताईंच्या पायरीशी असते, दुपारी मामांच्या दुकानाशी. बसचालकांनी थांब्याचा नाद सोडून दिला आहे. जिथे माणसं दिसतील तिथे ते ब्रेक दाबतात.

रोपाला काठी लागते आणि काठीला बांधायला काहीतरी. मामांकडे जुन्या ट्यूबची कमी नव्हती. काठीला एक वेढा, मध्ये पीळ, खोडाला एक वेढा. सुतळी सोलते, तार कापते; रबर ताणतं, असा त्यांचा हिशेब होता. "माझं रबर तुटत नाही," हेही ते सांगत. पण खोड जाडावतं, तेव्हा वेढा अधूनमधून सैल करावा लागतो. हे लक्षात ठेवायची त्यांची स्वतःची रीत होती. हातपंपाच्या दांड्याला आतून चामड्याची वाटी असते. तिला ते वायसर म्हणतात. काही महिन्यांनी ती कडक होते, पंप हवा सोडतो. ज्या दिवशी वायसर बदलायचा, त्याच दिवशी सगळ्या झाडांचे वेढे सैल करायचे. पंपाने दम सोडला की झाडांना दम घेऊ द्यायचा, एवढं सोपं. आठ झाडं अशीच मोठी झाली आणि त्यांच्या काठ्या निघाल्या.

नववं झाड शेवटी लावलं होतं, खिडकीखाली. ते लावलं मामींसाठी. पत्र्याच्या छपराखाली अकरा वाजले की खोलीचा तवा व्हायचा. ऊन थेट मशीनच्या पट्टीवर यायचं, सुई लखलखायची आणि काळ्या कापडावरचा काळा दोरा दिसेनासा व्हायचा. मामी अकराला मशीन बंद करून चारला पुन्हा उघडत. मधला वेळ, त्यांच्या भाषेत, 'नुसता घाम पुसायचा'. शिरीष खिडकीपर्यंत आला आणि ती पाच तासांची टाळेबंदी उठली. पानांतून गाळलेला उजेड कापडावर पडायचा, वाऱ्याने हलायचा, आणि दुपारी जिना चढून येणाऱ्या गिऱ्हाईकाला क्षणभर वाटायचं की ही बाई पाण्याखाली बसून शिवते आहे.

त्या झाडाच्या खोडावर पश्चिमेचं ऊन यायचं, साल भाजायची. म्हणून मामींनी त्याला गोणपाटाची बाही शिवून घातली. शाळेच्या पोरांचे गणवेश शिवणारी बाई. त्यांनी बाहीही सैल ठेवली, वाढत्या अंगाची.

मग सासरहून मुलीने बापाला नवा पंप पाठवला आणि फोन केला. पायाने दाबायचा, आत प्लास्टिकची वाटी.

"बाबा, खांदे बघा तुमचे. हा वापरा. याचं काही बदलावं लागत नाही."

"छान आहे गं. तुझ्या नवऱ्यापेक्षा कमी कुरकुर करतो."

पंप खरंच उत्तम होता. पहिलं वर्ष गेलं, दुसरं गेलं, तो एकदाही बिघडला नाही. जुना पंप फळीवर गेला. मामांचे खांदे सुधारले.

गेल्या हिवाळ्याआधी, खिडकीशी बसल्या बसल्या मामी म्हणाल्या, "अहो, यंदा सुईवर ऊन येतंय."

"सूर्य तोच आहे गं."

"सूर्य तोच आहे. पानं ती नाहीत."

मामांनी खाली उभं राहून वर पाहिलं. पानं बारीक होती, पिवळट होती आणि त्यांच्यातून आकाश नको तेवढं दिसत होतं. त्यांनी टबाची पाळी मोडली आणि रोजचं पाणी त्या एकाच झाडाला घालायला सुरुवात केली. फरक पडला नाही. मामींनी काळं कापड घेणं थांबवलं. ओळखीच्या वकिलीणबाई कोटाचं कापड घेऊन आल्या, तेव्हा त्यांनी ते ठेवून घेतलं, पण तारीख दिली नाही. आणि एका दुपारी मशीन बंद करून, आवाज न चढवता, त्यांनी सांगून टाकलं, "हे झाड गेलं तर या खोलीत मी आणखी एक उन्हाळा काढणार नाही. पोरीकडे जाऊ."

"तिकडे मी काय करू?"

"जावयाची कुरकुर ऐका."

मामा हसले नाहीत. त्या आठवड्यात दुकानात बसल्या जागी त्यांना डुलकी लागली आणि स्वप्न पडलं. अख्खा रस्ता पाण्यात बुडालेला, बस तळाशी संथ चाललेली, झाडांतून बुडबुडे वर जाताहेत आणि मामा एकेक झाड हातात धरून गळती शोधताहेत. मामींना त्यांनी ते सांगितलं.

"मग, सापडलं पंक्चर?"

"आपल्या खिडकीतून बुडबुडे येत होते."

"येणारच. माझा जीव जातोय इथे गरमीने."

बागखात्यातली एक तरुण मुलगी तारांना टेकलेल्या फांद्या पाहायला स्कूटरवरून आली, तेव्हा मामांनी तिला थांबवलं. तिने पानं पाहिली, माती बोटांनी चुरली, मग खोडावर हात फिरवला.

"ही बाही कोणी शिवली?"

"आमच्या हिने."

"फार सुंदर आहे. काढा."

मामी कात्री घेऊन खाली उतरल्या आणि स्वतःची शिवण स्वतः उसवली. बाही गळून पडली. खोडाला कंबर आली होती. वरचा भाग फुगलेला, खालचा बारीक, आणि मधल्या खाचेत एक काळी रेघ. ती ट्यूब होती. निम्मी सालीच्या आत गेलेली. काठी मुळाशी केव्हाच कुजली होती. झाडच तिला धरून उभं होतं.

"पानांनी केलेलं अन्न इथे अडतंय," मुलगी म्हणाली. "मुळं उपाशी आहेत. मामा, हे कधी सैल केलंच नाही?"

मामांनी त्या रेघेवरून बोट फिरवलं.

"वायसर गेलाच नाही," ते म्हणाले.

त्या मुलीला काही कळलं नाही. मामींना कळलं.

"मी वाढत्या अंगाचं शिवलं होतं," त्या म्हणाल्या.

"रबर ताणतं, असं मला वाटलं."

"आणि तुटत नाही, असंही तुम्हीच सांगायचात जगाला."

"तुझ्या बाहीखाली दिसलं नाही गं."

"म्हणजे आता बाहीचा दोष?"

"नाही. दोघांचंही काम फार पक्कं झालं."

मुलीने हेल्मेट हातात घेतलं. "भांडण नंतर करा. चार ठिकाणी उभं कापा. ओढून काढायचं नाही, नाहीतर सालही निघेल. आत रुतलंय ते राहू दे, झाड ते पोटात घेईल. नाही घेतलं तर..." तिने हेल्मेटचा पट्टा लावला. "पालवीला कळेल."

मामांनी रबर कापायची पाती कानशीवर घासली आणि गुडघे टेकून चार ठिकाणी ट्यूब कापली. दर कापाला बारीक आवाज आला, व्हॉल्व्हची पिन दाबल्यावर येतो तसा. सवयीने त्यांनी खोडाला कान लावला. काठी आपोआप आडवी झाली. झाड उभं राहिलं.

मग हिवाळा आला आणि नऊही झाडांची पानं गळाली. त्या दिवसांत कोणतं झाड जिवंत आहे आणि कोणतं नाही, हे खालून सांगता येत नव्हतं. खिडकीत फक्त काड्यांची नक्षी होती. मामी पांढरी कापडं शिवत होत्या. मामांनी फळीवरचा जुना पंप खाली घेतला, त्याला नवं चामडं बसवलं आणि वापरायला सुरुवात केली. लेक फोनवर रागावली. "खांदे?" तिने विचारलं. "दोन्ही जागेवर आहेत," मामा म्हणाले.

आठ झाडांना पालवी फुटली. नववं तसंच राहिलं. औषधवाल्या ताई रोज पायरीवर येऊन वर बघायच्या आणि आत जायच्या. बसची रांग आठव्या झाडापाशी संपायची. मामींनी ट्रंक पलंगाखालून बाहेर काढून ठेवली होती. रिकामी, पण बाहेर.

मग एका सकाळी, टब रिकामा करून मामांनी वर पाहिलं, तर फांद्यांच्या टोकांवर हिरवा धूर बसला होता. उजेड वाढला तरी तो विरला नाही. खोडाच्या खाचेवर दोन्ही बाजूंनी नवी साल सरकत आली होती, झोपेत ओठ मिटत यावेत तशी. काळी रेघ काही ठिकाणी दिसेनाशी झाली होती.

त्यांनी कोणाला हाक मारली नाही. ते जिना चढून गेले. मामींनी आधीच पाहिलं होतं.

पानं अजून भरलेली नाहीत. काल मामांनी दुपारी खालून विचारलं, "आलं का गं सुईवर ऊन?"

"आलं," वरून उत्तर आलं. "पण टेकलं नाही. गेलं."

ट्रंक पुन्हा पलंगाखाली आहे. वकिलीणबाईंच्या कोटाचं काळं कापड आज संध्याकाळी खडूने आखून झालं, बाहीच्या शिवणीत थोडी जास्त माया ठेवून. उद्या सकाळी सहा दहाला टबातलं पाणी दुसऱ्या झाडाला जाईल, कारण पाळी त्याची आहे. आणि अकरा वाजता, पूर्वी मशीन बंद व्हायच्या वेळी, तो कोट शिवायला घेतला जाईल.