उस्तादांचा हात

"पैला हात बगू, हत्यार मंग." कुणाच्याही हाती पिस्तूल देण्याआधी आमचे उस्ताद त्याचा पंजा आपल्या तळव्यावर उलटसुलट करून बघायचे. तुम्ही म्हणाल, बांगड्या भरायच्यात की काय? पहिल्या दिवशी मलाही तसंच वाटलं होतं.

मी तेव्हा वसईत पोलीस शिपाई होते आणि उस्ताद आम्हाला गोळीबार शिकवायचे. माणूस पाचूबंदरचा, ख्रिस्ती कोळ्याच्या घरातला. चांदीपच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी आमचा सराव चाले. जुन्या रिव्हॉल्व्हरचा चाप इतका जड, की तो ओढता ओढता माझी नळी खाली जायची नि गोळी मातीत. मी चिडायचे. उस्ताद म्हणायचे, "बाय, तू कशाला रडते? मूठ मोठी, तुजा हात लान. दोगांचं लगीन जमनार नाय."

त्यांचा स्वतःचा नेम मात्र असा, की साहेब लोक मुद्दाम बघायला थांबत. त्या उजव्या हातावरच त्यांचा सगळा मान होता.

मग नव्या पिस्तुलांची बोलणी सुरू झाली. नमुन्याला एक आलं. साहेब म्हणाले, "उस्ताद, चालवून बघा. चांगलं की वाईट, तुम्हीच सांगा." जुन्या मंडळींना ते नकोच होतं. "नापास करा हो उस्ताद! आता या वयात कुठे नवीन शिकत बसायचं?"

उस्तादांनी घाई केली नाही. मॅगझीन काढलं, आत गोळी नाही ना ते बोट घालून पाहिलं. डोळे मिटून हात उचलला आणि मग डोळे उघडून नळी कुठे वळलीय ते बघितलं. मूठ न सोडता अंगठा सेफ्टीच्या खटक्यापर्यंत पोचतो का, तेही तपासलं. "वल्ह्यासारखी बसते मूठ," ते पुटपुटले. मग मॅगझीन चढवून गोळ्या झाडल्या.

कागदावर भोकं चहूकडे. मधलं वर्तुळ कोरं.

मागून लगेच गलका झाला, "बघा साहेब, पिस्तूलच भंगार!" उस्तादांनी नुसती मान हलवली असती तरी विषय मिटला असता.

त्यांनी मला पुढे बोलावलं. "बाय, हात दे." पंजा बघितला, पिस्तूल दिलं. "मार."

चाप अलगद आला. देवाशपथ सांगते, माझ्या गोळ्या पहिल्यांदाच मधल्या वर्तुळात! मी वेड्यासारखी हसत सुटले. उस्ताद हसले नाहीत.

"साहेब, हत्यार एक नंबर हाय. जुन्याला पंजा आवळून धरायला लागायचा, त्यात माज्या हाताची थरथर दबून जायची. हात कापतो माजा. वरीस झालं."

त्यांनी पिस्तूल रिकामं केलं आणि नळी माणसांपासून दूर वळवून टेबलावर ठेवलं.

नवी पिस्तुलं आली. उस्तादांना पोलीस ठाण्याच्या फाटकावर बसवलं. मी जाऊन भांडलेच, "कशाला बोललात? पिस्तुलावर ढकलायचं होतंत की!"

"मंग तुज्या हातात परत तो जड चाप. तुला काय झालं असतं, तर मी तुज्या आयशीला काय तोंड दाखवलं असतं?"



काही वर्षांनी निरोप आला म्हणून पाचूबंदरला गेले. उस्ताद पेटीत होते, पंजे छातीवर, बोटांत रोझरी गुंफलेली. मी उजव्या हाताकडे बघत राहिले. जरासुद्धा हलत नव्हता. मला तर संतापच आला. मेल्या, आता स्थिर झालास होय!

मग तो पंजा मी माझ्या तळव्यावर घेतला, ते घ्यायचे तसाच, आणि मला रडू आवरेना.