दीक्षाच्या बापाचे रविवार

अंकुश गजभिये आमच्या वरच्या माळ्यावर भाड्याने राहायला आला, तेव्हा गॅस सिलिंडरच्याही आधी त्याने जिन्यावरून एक ट्रायपॉड चढवला. मला वाटलं, लग्नाबिग्नाचे फोटो काढत असेल. नंतर कळलं की हा दुचाकीच्या शोरूममध्ये गाड्या विकतो आणि ट्रायपॉड आहे तो मोबाइल उभा करण्यासाठी.

मी प्रेमिला, या घराची मालकीण. पस्तीस वर्षं सरकारी कचेरीत टायपिंग केलं. आता खालच्या मजल्यावर एकटी राहते आणि जिन्यावरून कोण चढतं-उतरतं ते बघते. मला दुसरं काम नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी टोमणा मारायला नको.

अंकुश मूळचा कळमेश्वरचा. तिथल्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये होता. कळमेश्वर ते नागपुरातली आमची नंदनवन वस्ती म्हणजे तास-सव्वा तासाचा रस्ता, पण हा अशा थाटात वावरायचा की जणू विमानातून उतरला आहे. सोबत बायको रोशनी आणि साडेचार वर्षांची मुलगी दीक्षा. रोशनी कमी बोलणारी. दीक्षा मात्र आल्या दिवशीच माझ्या ओट्यावर बसून म्हणाली, "आजी, तुमच्याकडं मांजर नाही काय?" मला पोरगी तिथेच आवडली.

पहिल्याच आठवड्यात अंकुशने खाली येऊन जाहीर केलं, "काकू, आता दर रविवारी पोरीले नवीन जागा दाखवणार. पूर्ण नागपूर फिरवणार."

मी म्हटलं, "चांगलं आहे गा. लहानपणी पाहिलेलं लक्षात राहते."

"लक्षात काय, रेकॉर्डच राहीन," तो म्हणाला आणि मोबाइल दाखवला. त्यावर त्याचा चॅनेल होता, 'दीक्षासोबत नागपूर'. मागे संत्र्याचं चित्र, पुढे हा स्वतः, आणि कोपऱ्यात, नीट शोधली तर, दीक्षा.

मोबाइलसमोर उभा राहिला की या माणसाची भाषाच बदलायची. घरी 'मले', 'तुले', 'काहून' म्हणणारा अंकुश व्हिडिओत एकदम 'नमस्कार मित्रांनो, आज आपण भेट देणार आहोत' असं बोलायला लागे. पोरगी बिचारी घरची भाषा बोलायची. "मले झुल्यावर बसायचं आहे," ती म्हणाली की हा मोबाइल थांबवायचा. "मले नाही बेटा, मला. परत म्हण." मग पोरगी 'मला' म्हणायची, आणि तोपर्यंत झुल्यावर दुसरंच कुणी बसलेलं असायचं. हे मला रोशनीने सांगितलं. हसत सांगितलं तिने, पण ते हसणं काही खरं नव्हतं.

दीक्षाभूमीवर जायचं ठरलं तेव्हा कळमेश्वरहून अंकुशची आई मीराबाई मुद्दाम आली. तिचे सासरे धोंडबा छप्पन सालच्या धम्मदीक्षेला त्या मैदानात होते. नातीचं नाव मीराबाईनेच ठेवलेलं. पांढरं लुगडं नेसून, नातीचं बोट धरून ती माउली तिथे उभी राहिली आणि वाकून तिला सांगायला लागली, "तुह्या बापाचा आजा इथं होता बाई. कळमेश्वराहून पायी आला होता. पायात चप्पल नव्हती."

"आई, थांब थांब. मागून आवाज आला. परत म्हण," अंकुश म्हणाला.

मीराबाईने परत सांगितलं.

"चेहऱ्यावर ऊन पडून राहिलं. थोडी डाव्या बाजूनं सरक. आणि चपलेचं जरा मोठ्यानं सांग."

तिसऱ्या वेळी मीराबाई ताठ उभी राहिली. मग म्हणाली, "दोनदा सांगितलं ना बाबू. हे का नाटकातलं हाय?" संध्याकाळच्या बसने ती परत निघून गेली. रात्रीचं जेवायलाही थांबली नाही. आणि व्हिडिओ आला तेव्हा मी मुद्दाम शेवटपर्यंत पाहिला. त्यात धोंडबा नव्हतेच. फार लांब होत होतं म्हणून कापलं, असं अंकुश म्हणाला. तिथे बाहेर मिळणाऱ्या आइस्क्रीमची दीड मिनिटं मात्र शाबूत होती.

खोटं कशाला बोलू, मीही त्याच्या एका व्हिडिओत आहे. पाटोडीची भाजी करताना. त्या दिवशी मी ठेवणीतली साडी काढली होती आणि पावडरही लावली होती. तेव्हा माणूस इतका वाईट वाटला नव्हता. पाच हजार लोकांनी माझी पाटोडी पाहिली, हे मी वर्ध्याच्या बहिणीला फोन करून सांगितलंसुद्धा. त्यामुळे सगळा तिरस्कार त्याच्याच वाट्याला द्यावा असं नाही, पण बहुतेक त्याच्याच वाट्याला जातो.

सहा-सात महिन्यांत तलाव झाले, बागा झाल्या, प्राणिसंग्रहालय झालं. प्रत्येक ठिकाणी पोरीने वाघ पाहिल्यावर 'वॉव' म्हणायचं, पाणी पाहिल्यावर 'वॉव' म्हणायचं, मक्याचं कणीस खाल्ल्यावर डोळे मिटून मान हलवायची. वाघ झोपलेला असला तरी 'वॉव'. रोशनीच्या खांद्याला मोठी पिशवी, तिच्यात दीक्षाचे दोन जास्तीचे फ्रॉक. एका रविवारात तीन व्हिडिओ निघाले पाहिजेत, आणि तीन वेगळे रविवार वाटले पाहिजेत, म्हणून. हा माणूस गाड्या विकण्यात एवढी अक्कल लावता तर मॅनेजर झाला असता.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी ते सक्करदऱ्याच्या तलावाकडे गेले. ऊन चांगलं होतं, गर्दी भरपूर. अंकुशने दीक्षाला लांब एका झाडाशी नेऊन उभं केलं. "मी हात केला की पळत ये," असं सांगून तो मागे आला, ट्रायपॉड लावला. रोशनी पाण्याची बाटली भरायला गेली होती. इतक्यात मोबाइलवर कुणाची तरी कॉमेंट आली. कुणीतरी लिहिलं होतं, तुमचा आवाज छान आहे. हा खाली मान घालून त्याला उत्तर लिहीत बसला. मान वर केली तेव्हा झाडाशी कुणी नव्हतं.

मला रोशनीचा फोन आला. "काकू, दीक्षा दिसून नाही राहिली." मी होते तशी ऑटोत बसले. तिथे पोचले तर रोशनी अनवाणी पळत होती. चप्पल कुठे गेली तिलाही माहीत नव्हतं. भेटेल त्याला विचारत होती, पिवळ्या फ्रॉकची पोरगी पाहिली काय? आणि अंकुश? अंकुशही शोधत होता. मोबाइल तोंडासमोर धरून. स्वतःचा घाबरलेला चेहरा दिसेल असा.

मी म्हटलं, "काहून गा, शूटिंग करून राहिला?"

"नाही काकू, पुढं पोलिसाले दाखवाले कामी पडते," तो म्हणाला. हे म्हणताना त्याने मोबाइल खाली केला नाही.

सव्वा तास गेला. मग तलावाच्या दुसऱ्या टोकाला, कडुलिंबाखाली, रोशनीला पिवळा फ्रॉक दिसला. उमरेडकडचं एक कुटुंब सहलीला आलं होतं, सतरंजी पसरून जेवत होतं. दीक्षा त्यांच्यात मांडी घालून बसली होती आणि वडाभात खात होती. रोशनीने झडप घालून तिला छातीशी धरलं आणि रडायला लागली. त्या कुटुंबातली म्हातारी मात्र आमच्यावरच भडकली.

"कशी पोट्टी वाढवली वं तुम्ही? एकटी फिरून राहिली होती म्हणून बसवलं. नाव विचारलं त म्हणते, 'नमस्कार मित्रांनो, मी तुमची लाडकी दीक्षा.' बापाचं नाव विचारलं त म्हणते, 'लाइक करा, शेअर करा.' घर कुठं आहे विचारलं त म्हणते, 'लिंक खाली दिली आहे.' आमाले वाटलं, पोट्टी चेष्टा करून राहिली!"

मला हसू आलं नाही. पाच वर्षांच्या लेकराला स्वतःचा पत्ता सांगता येत नव्हता, कारण तो तिला कुणी शिकवलाच नव्हता. आठ महिने ती रोज माझ्या ओट्यावर बसत होती, तेव्हा मीही शिकवला नव्हता. पण निदान मी तिला 'लिंक खाली दिली आहे' शिकवलं नव्हतं.

अंकुश धापा टाकत आला. पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. डोळे ओले होते त्याचे, हे मान्य करते. मग त्याने मोबाइलकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. "रोशनी, मेमरी भरली होती. तू तिले उचललं ते आलंच नाही," तो म्हणाला. "एक मिनिट फक्त. परत एकदा कर."

रोशनीने त्याच्याकडे जे पाहिलं, ते मी विसरणार नाही. तिने पिशवी उचलली आणि दहा पावलं लांब जाऊन उभी राहिली.

तेव्हा याने काय करावं? दीक्षाला परत कडुलिंबाखाली नेलं. स्वतः समोर गुडघ्यावर बसला, हात पसरले. म्हातारीला म्हणाला, "मावशी, तो डबा जरा बाजूले घ्या." आणि पोरगी, सवयीची, तोंडाला भात लागलेला, पळत आली आणि बापाच्या गळ्यात पडली. 'वॉव' तेवढं म्हणाली नाही.

मंगळवारी व्हिडिओ लागला. 'बापाच्या काळजाचा ठोका चुकला', खाली रडकं संगीत. दोन लाख लोकांनी पाहिला. लोकांनी लिहिलं, बाप असावा तर असा. शोरूममध्ये त्याला पेढे वाटायला लावले. किराणा दुकानात, दवाखान्यात, बायका दीक्षाच्या गालाला हात लावून विचारायच्या, "तूच ना ती हरवलेली?" पोरगी ओट्यावर येऊन मला म्हणाली, "आजी, मी नाही हरवली. मी झाडाजवळच होती. खूप वेळ पप्पानं हातच नाही केला, म्हणून मी भूक लागली त गेली."

त्याच आठवड्यात रोशनी खाली आली. "काकू, सिटी बस कुठून भेटते?" आठ महिने नागपुरात राहून तिला ते माहीत नव्हतं, कारण ती कायम नवऱ्याच्या गाडीवर मागे बसायची. मी तिला थांबा दाखवला, नंबर सांगितले, आणि दीक्षाला घराचा पत्ता पाठ करवला. गल्लीसकट.

रविवारी सकाळी आठला मायलेकी जिना उतरल्या. वरून अंकुश ओरडला, "अगं, कुठं चालली? मी तयार व्हायचा आहो!" रोशनीने मागे वळूनही पाहिलं नाही. संध्याकाळी परतल्या तेव्हा दीक्षाचे गुडघे मळलेले, फ्रॉकवर चिंचेचा डाग. अंकुश विचारत राहिला, कुठे गेल्या होत्या, निदान सांगा तरी. रोशनी म्हणाली, "फिराले." एवढंच. मग दर रविवारी हेच. एकदा मेट्रोत या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसत्या बसून आल्या. एकदा कळमेश्वरला मीराबाईकडे गेल्या. तिथे दीक्षाने आजीला ती धोंडबांची गोष्ट पुन्हा सांगायला लावली. आजीने ती सावकाश, मधेच तांदूळ निवडत, जशी आठवेल तशी सांगितली.

इकडे अंकुशचा चॅनेल पोरीविना सुकायला लागला. उन्हाळ्यात माझी नात गार्गी सुटीला आली, सहा वर्षांची. दुसऱ्याच दिवशी हा खाली हजर. "काकू, रविवारी गार्गीले नेऊ काय? फक्त दोन तास. दोन फ्रॉक पाठवा." मी त्याला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पस्तीस वर्षं कचेरीत पुरुषांच्या मधे काढल्यावर काही शब्द येतातच. आता तो टपऱ्यांवर जाऊन तर्री-पोहे खातो आणि डोळे मिटून स्वतःच मान हलवतो. चॅनेलचं नावही बदललं आहे.

दिवाळीच्या सुटीत रोशनीने त्याला एकदाच सोबत नेलं. अट एकच, मोबाइल घरी. मोबाइल माझ्याकडे ठेवायला आला तेव्हा त्याचा हात सुटता सुटत नव्हता. मी म्हटलं, "जा गा, खाणार नाही मी त्याले." तिघं नऊ वाजता गेले. साडेदहाला हा एकटाच परत आला, घामाघूम.

मी विचारलं, "काय झालं?"

"काही नाही," तो म्हणाला. "त्या दोघी मातीत खेळून राहिल्या. मी नुसता बसून होतो. करायचं काय तिथं?"

मी मोबाइल दिला. जिना चढता चढताच त्याने तो उघडला. मायलेकी संध्याकाळी सहाला आल्या.